वेणूची शिवल्यांची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे आणि मनाने फार चांगली नाही. पनवेलच्या एका बुरुडाने मला विणले. गव्हाण गावच्या वेणूने मला बाजारात दाबून पाहिले, डोक्यावर ठेवून पाहिले आणि घरी नेले. तिचा नवरा भगवान मिठागरात काम करी. ओहोटी लागली की वेणू मला घेऊन खाडीवर जाई आणि वाळूतून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, उकरी. मग एक शिवली दुसरीवर वाजवून बघे. पोकळ वाजली तर ती मेलेली, टाकून द्यायची. तिचा कान कधी चुकला नाही. वेणूच्या टोपलीतल्या शिवल्या डोळे मिटून घ्याव्या, असे बाया म्हणत. मला ते ऐकायला आवडे.

१९६१ साली खाडीवर सरकारी माणसे येऊ लागली. देशात अणूचे काम सुरू झाले होते. त्या कामामुळे इथल्या वाळूतून घातक किरण निघतात का, हे ती माणसे तपासत. त्यांच्यातल्या दयारामजवळ एक पेटी होती. किरण जास्त असले की ती भराभर टिकटिक करी.

ती पेटी मला पहिल्या दिवसापासून सहन झाली नाही. मी चिखलात पडून असे, तिच्यासाठी फळी टाकत. तिला चामड्याचे कव्हर होते. शेजारची जनी वेणूला चिडवी, "या पेटीपरीस सरकारनं तुलाच कामाला ठिवावी." वेणू हसे, पण पाही पेटीकडेच. एकदा पावसाची भुरभुर आली, तेव्हा वेणूने पदर धरला तो त्या पेटीवर. ते मी अजून विसरले नाही.

पुढच्या वर्षी वेणू सहा दिवसांच्या तापाने गेली. गावात कुजबुज सुरू झाली. पेटी टिकटिकते म्हणजे खाडीत विष आहे, आणि वेणू तर रोज शिवल्या खाई. थोडी टिकटिक सगळीकडेच होते, हे कोणाला ठाऊक नव्हते. भगवानने मला मोडायला चुलीपाशी नेले, पण त्याचा हात चालेना. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन खाडीवर दयारामपुढे उभा राहिला.

"बगा, हिच्यात इख हाय काय. असंल तर हिला जालतो."

दयारामने पेटी माझ्यावर धरली. जिचा मी इतका हेवा केला, तिच्याच हाती आता माझा जीव होता. ती सूड घेणार, असे मला वाटले. टिक... टिक. मग दयारामने ती बाजूच्या खडकापाशी नेली. तिथेही तेवढेच.

"हिच्यात काही नाही," तो म्हणाला.

"मंग माजी वेणू कशानं गेली?"

दयारामने पेटी बंद केली. "ते हिला कळत नाही, भाऊ."

 भगवानने तिथेच खाली बसून शिवल्या उकरल्या. दोन घेऊन कानाशी वाजवल्या, पुन्हा वाजवल्या. त्याला काही उमजेना. त्याने दोन्ही माझ्यात टाकल्या.

आजही तो मला खाडीवर नेतो. त्याने आणलेल्यातल्या निम्म्या शिवल्या जनी वाजवून फेकून देते. पेटी दिसली की मला अजून तो पदर आठवतो.

मित्रांनो, नुसत्या संशयावरून काही मोडू नका, आधी तपासून घ्या. आणि तुमच्या घरात जिचा कान चांगला असेल, तिच्याजवळ बसून ती आहे तोवर शिकून घ्या.