साक्षीला नेलेली तबकडी

मित्रांनो, मी हेवी मेटलची एक जुनी तबकडी आहे. हेवी मेटल म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्यांना विचारायला जाऊ नका. ते कपाळाला आठ्या घालतील. मीच सांगते. चार पोरं, करकचून ताणलेल्या गिटारी, ढोलांचा ढीग आणि घसा फाटेपर्यंत खरं बोलायची खुमखुमी, एवढं एकत्र आलं की माझ्यासारखी तबकडी तयार होते. त्या चौघांनी एका बंद खोलीत जीव तोडून वाजवलं. मग एका कारखान्यात काळ्या, तापलेल्या गोळ्यावर साचे दाबून मला चपटी केली. म्हणजे माझा जन्मच प्रेसखालचा.

माझा मालकही प्रेसवरच कामाला होता. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, की वरून लोखंड दणकन खाली यायचं. दिवसभर तेच. कारखान्यात सगळे त्याला धडाम म्हणत. घरी आला की तो हात धुवायचा, पुसायचा, पुन्हा धुवायचा आणि मगच मला कव्हरातून काढायचा. माझ्या मधल्या कागदावरची अक्षरं त्याच्या बोटांनी केव्हाच पुसून गेली. त्याचं काही अडलं नाही. सुई टेकली की जी पहिली खरखर येते, ती माझ्या दोन बाजूंची वेगवेगळी आहे. तेवढ्यावरून तो बाजू ओळखायचा.

पहिल्या बाजूला आधी एकटी गिटार येते, दबक्या पावलांनी. बराच वेळ दुसरं काहीच नाही. ऐकणारा बेसावध झाला, की ढोल अंगावर कोसळतात. धडाम तेव्हा दोन्ही हात वर धरून बसायचा आणि बरोबर त्या क्षणी गुडघ्यांवर आपटायचा.

"ही भांडी पडल्यासारखी गाणी," बायको म्हणायची, "काय ऐकता हो त्यात?"

"अगं, मशीन दिवसभर माझ्यावर ओरडते. हे चौघं माझ्या बाजूने ओरडतात."

माझं याहून मोठं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही.

पुढे त्याच्या कानात शिट्टी वाजू लागली. धाकटी लेक मागून हाका मारी आणि हा वळतच नसे. तेव्हा मात्र तो घाबरला. त्याने सुपरवायझरकडे प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकण्याची विनंती केली. कान वाचवायचे तर तेवढा एकच मार्ग होता. सुपरवायझर म्हणाला, कंपनीचे डॉक्टर सांगतील तसं करू.

डॉक्टरांनी कान तपासले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "घरी गाणीबिणी ऐकता का?"

शहाणा माणूस 'नाही साहेब' म्हणून मोकळा झाला असता. पण वेड्या रसिकाला असं विचारावं का, मित्रांनो? आजवर त्याला हे आपणहून कोणी विचारलंच नव्हतं. तो खुलला.

"ऐकतो म्हणजे काय डॉक्टर! रोज. आणि ती हळू ऐकायचीच नसतात. आवाज कमी केला की ढोल मरतात."

"असं? उद्या घेऊन या की. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी त्याने मला मऊ कपड्याने पुसलं, नव्या प्लास्टिकमध्ये घातलं आणि छातीशी धरून नेलं. खोटं कशाला बोलू, मीही फुगले होते. वाटलं, इतक्या वर्षांनी माझी कदर होणार.

डॉक्टरांनी मला उलटंपालटं केलं आणि सुपरवायझरसमोर टेबलावर टाकलं. "हे बघा. रोज, फुल आवाजात. स्वतःच सांगतायत. यात मशीनचा काय दोष?"

धडाम ढोलवाल्याबद्दल काहीतरी सांगत होता. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, माझी एक बाजू जेमतेम वीस मिनिटांची, आणि ती प्रेस सकाळपासून संध्याकाळपर्यंत! पण सुईशिवाय मी मुकी. माझी साक्ष काढली आणि मला तोंडच उघडू दिलं नाही.

तो पुन्हा प्रेसवर गेला. घरी बायको रडली. "या धिंगाण्यानेच घात केला तुमचा," असं म्हणून तिने मला कपाटावर, फाटक्या सुटकेसमागे ढकललं. तिचा राग मला समजतो. पण धडामनेही ते खरं मानलं, हे मात्र मी विसरणार नाही. त्यानंतर त्याने माझं नावही काढलं नाही. मला अडगळ केलं, आणि मशीनला दर आठवड्याला तेल मिळत राहिलं.

तो कामावरून कायमचा सुटला तेव्हा दोन्ही कान गेलेले होते.

परवा त्याने मला खाली काढलं. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मधल्या कोऱ्या कागदाकडे बघितलं, मला प्लेअरवर ठेवलं, सुई टेकवली आणि जुन्या सवयीने खरखरीकडे कान नेला. मग हसून खुर्चीत बसला आणि दोन्ही हात वर धरले.

मित्रांनो, त्याने दुसरी बाजू लावली होती. ती पहिल्या क्षणापासून धावत सुटते. तिथे एकटी गिटार नाही की वाट बघणं नाही. मी जीव खाऊन कोकलत होते आणि तो शांतपणे वाट बघत होता.

लेक दाराशी आली. आता ती नोकरी करते. लहानपणी याच गाण्यांत झोपलेली पोर, तिला लगेच कळलं. तिने सुईकडे हात नेला.

"थांब, हात लावू नकोस!" तो फार मोठ्याने म्हणाला. "गिटार चाललीय अजून. आता येतील बघ ढोल... आता!"

आणि त्याने गुडघ्यांवर हात आपटले.

लेकीने हात मागे घेतला. त्याला दिसेल अशी जोरात मान डोलावली. मग त्याच्या पाठीमागे जाऊन डोळे पुसले.

आता मी तुम्हाला माझी धूळ पुसा, मला ओरखड्यांपासून जपा, असं सांगायला हवं. नाही सांगत. माझ्यासारख्या हजार छापल्या आहेत. तुम्ही तुमचे कान जपा. आणि तुम्हाला काय आवडतं, असं कोणी गोड आवाजात विचारलं, तर आधी बघा, त्याला ते कशाला हवंय.

गाणी संपली. धडामने मला कडेने धरून उचललं, पुसलं आणि कव्हरात सरकवलं.

"आज पहिली झाली," तो लेकीला म्हणाला. "उद्या दुसरी बाजू लावू."