एका मापाचे बाक

माझा दादा सुतार आहे आणि उंचीने बेताचा आहे. पहिली गोष्ट तो ज्याला त्याला सांगत सुटतो, दुसरी कोणी काढली की त्याचं डोकं फिरतं. पण या भानगडीत दोन्ही लागतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळी झाले.

त्याच्या कारखान्यात पॉलिशचं काम मी करते. वहिनी घर आणि गिऱ्हाइकं दोन्ही सांभाळते. ती दादापेक्षा चांगली वीतभर उंच आहे. लग्नाच्या फोटोत ती बसलीय आणि तो उभा आहे, ते काही उगाच नाही. त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची, थेट आईवर गेली. नववीत जाईपर्यंत दाराची चौकट तिच्या डोक्याला लागायला लागली. वर्गातली पोरं तिला शिडी म्हणतात हे आम्हाला ठाऊक होतं, आम्ही हसण्यावारी नेलं. नावं काय, सगळ्यांनाच पडतात. मला शाळेत भोंगा म्हणायचे, आणि का ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

तर या शिडीने एके दिवशी दप्तर खुंटीला अडकवलं आणि कारखान्यात येऊन भुसा झाडायला लागली. विचारलं तर म्हणे, मला शिकायचं नाही, मी आत्याच्या हाताखाली पॉलिश शिकते. रडणं नाही, भांडणं नाही. मला तर तिच्या त्या शांतपणाचाच राग आला.

मग काय, घरात तर्काला ऊत. वहिनीला वाटलं, नक्की कोणीतरी मुलगा असणार. दादाने सगळं खापर मोबाइलवर फोडलं. मी म्हटलं, लाडावून डोक्यावर बसवलीय, दुसरं काय. त्यात शाळेतून सरांचा निरोप आला आणि आगीत तेल पडलं. मुलगी उर्मट आहे, नाव घेतलं तरी जागची उठत नाही, तोंडी परीक्षेत भोपळा. सोमवारी आली नाही तर पटावरून नाव काढू. वहिनीला ते सगळ्यात जास्त लागलं. तिला स्वतःला सातवीतून काढून घरी बसवलं होतं, ते ती अजून विसरलेली नाही. लेक तरी शेवटपर्यंत शिकेल, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं.

आता बाकांचं सांगते. त्या शाळेतले सगळे बाक दादाने केलेले. एकेकाला एकेक, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात जोडलेली, वर इतके हलके की झाडलोट करताना पोरांनी सहज उचलावेत. माप कुणाचं घेतलं म्हणाल, तर स्वतःचं. पहिला बाक झाला की दादा स्वतः त्यात बसला, जरा हलून बघितलं, ‘वा’ म्हणाला, आणि बाकीचे त्यावरून काढले. मोठ्या माणसाला बसतोय म्हणजे पोरांना बसणारच, असा साधा हिशेब. एक बाक जास्तीचा झाला, तो कारखान्यातच राहिला. दादा त्यात बसून चहा पितो, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्याचे सांधे दाखवतो.

शनिवारी मी एका कपाटाला पॉलिशचा हात मारत होते. भाची समोर उपड्या खोक्यावर बसलेली. मी म्हटलं, एवढा बाक रिकामा आहे, त्यावर बस की. ती ऐकेना. मग मी माझा भोंगा काढला. तेव्हा ती उठली आणि कडेने सरकत, आधी एक पाय, मग दुसरा, अशी त्यात जाऊन बसली. मी पॉलिशचा डबा तिच्या हातात दिला. तेवढ्यात दारातून वहिनीने हाक मारली आणि पोरगी सवयीने ताडकन उठली. मांड्या फळीखाली अडकल्या, बाक तिच्याबरोबर वर आला, डबा पालथा आणि ही धप्पकन पुन्हा खाली. मला हसू फुटलं. माझं हसणं म्हणजे चार घरं पलीकडे जातं.

तिने फळीवर डोकं टेकलं ते वर काढेना. मी हसू आवरून डबा सरळ केला.

“वर्गात पण असंच होतं?” मी विचारलं.

तिने मान हलवली. मग थोडंथोडं बाहेर आलं. सर प्रश्न विचारतात, बाकीची पोरं पटकन उठतात, आणि ही उठली की बाकासकट उठते. सगळा वर्ग खिदळतो. कडेने सरकत निघावं तर तोवर आणखी हसतात. म्हणून तिने उठणंच सोडलं. सरांना वाटलं, हा माज. एक दिवस ते म्हणाले, ज्याला उभं राहता येत नाही त्याने वर्गात येऊ नये. मग ती गेली नाही, एवढंच.

मी तशीच दादाकडे गेले. त्याने आधी उडवूनच लावलं. माझ्या बाकात खोट? शक्यच नाही. तो स्वतः बाकात बसला, उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. बघ, कुठे अडतंय? वहिनीने त्याला बाजूला सारलं, पदर खोचला आणि स्वतः आत बसली. मी सरांसारखा आवाज काढून तिला पाढा विचारला. ती उत्तर द्यायला उठली आणि बाकही उठला. या वेळी कोणी हसलं नाही.

दादाने खाली वाकून तिचे अडकलेले गुडघे बघितले. मग लेकीला म्हणाला, मला का नाही सांगितलंस?

“येईल त्याला तुम्ही हाच बाक दाखवता, बाबा,” ती म्हणाली.

दादाने करवत उचलली आणि आपल्या हाताने केलेला तो बाक मधोमध कापला. मला त्याची फार कीव आली, पण थांबवलं नाही. रविवारी दिवसभर बसून त्याने बसायची फळी वेगळी केली, लिहायची फळी वर चढवली, आणि पहिल्यांदाच टेप माणसाला लावली. पॉलिश मी केलं. घाईत केलं, ते धड वाळलंही नव्हतं.

सोमवारी आम्ही बहीणभाऊ तो बाक उचलून शाळेत, मागून भाची, मान खाली. सर काही दुष्ट नव्हते. दादाने सगळं सांगितलं, चूक आपलीच आहे हेही सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते भाचीला म्हणाले, “अगं, मग मला सांगायचं नाही का?”

“सांगायला उभं राहावं लागत होतं, सर.”

सरांनी नवा बाक तिच्या जागी ठेवून घेतला. त्यांनी पुस्तक उघडलं, ती बसल्यावर तिचं नाव घेतलं आणि धड्यातला एक प्रश्न विचारला. मागच्या रांगेने हसायची तयारी केली, मी दारातून बघत होते ना. भाची उठली. बाक जिथल्या तिथे. तिने वर बघून आठवायचा खूप प्रयत्न केला.

“येत नाही, सर,” ती म्हणाली, आणि तशीच ताठ उभी राहिली.

माझे डोळे भरून आले. उत्तर न आलेल्या पोरीचा एवढा अभिमान मला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं. तिच्या कपड्याला मागे ओलं पॉलिश चिकटलं होतं, पण ते घरी गेल्यावर बघू. सर म्हणाले, बस, उद्या वाचून ये.

मी दादाकडे वळले तर हा पठ्ठ्या लेकीकडे बघतच नव्हता. तो कोपऱ्यातल्या एका रिकाम्या बाकाकडे बघत होता. इथे कोण बसायचं, त्याने सरांना विचारलं. सर जरा आठवून म्हणाले, होता एक मुलगा, असाच लांबलचक. मध्येच यायचा बंद झाला, का ते काही कळलं नाही.

दादाने खिशातली टेप चाचपली.

“त्याचं घर कुठंय ते सांगा,” तो म्हणाला.