दुसऱ्या सीटचा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय झोपेतसुद्धा ब्रेक दाबतो, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. माणसाचं आयुष्य गेलं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसण्यात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने हातपाय गाळले की तो दाबायचा आणि मग पोटभर ओरडायचं, हा त्यांचा धंदा. अर्ध्या गावाला त्यांनी एकच मंत्र दिला होता : घाबरलात की रेस सोडा. बाकीचं मग बघू.

असा हा माणूस बोट घ्यायला निघाला. तीही साधीसुधी नाही, जेटची! आता बोला.

कारण होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एकुलती एक मुलगी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी सातासमुद्रापार चालली होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं आणि तेच चिकटलं. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द मास्तरांना म्हणायचे होते. ते काही केल्या बाहेर येईनात, आणि त्यांच्याऐवजी एक दिवस जेवताना भलतंच बाहेर पडलं. "आपण एक बोट घेऊया का? तलावावर फिरायला. तू सुट्टीला आलीस की."

बायकोच्या हातातला डाव हवेतच राहिला. "कसली बोट?"

"फॅमिली बोट."

"आपण माणसं तीन. त्यातली एक उडणार. उरलो आपण दोघं. त्याला फॅमिली नाही म्हणत हो, त्याला वैताग म्हणतात."

पण मास्तरांनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. दुकानात जाऊन आले, माहितीपत्रकं आणली आणि घोडं अडलं ते आकारावर. बोटी दोन. लहानीत पाच सीट, एक इंजिन, अंगाने सडपातळ. मोठीत नऊ सीट, दोन इंजिनं, मागे पाय पसरून लोळायला गादी. कागदावर काही उमगेना, म्हणून त्यांनी सरळ स्कूलच्या मैदानात, जिथे पोरं आठाचा आकडा गिरवायला शिकतात तिथे, खडूने दोन्ही बोटींचे आकार जमिनीवर काढले. अगदी मापात. मग वर्गातल्या खुर्च्या आणून आत मांडल्या. इकडे पाच, तिकडे नऊ.

बायको पाच खुर्च्यांच्या बोटीत जाऊन बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. "झालं. छान आहे. किनारा आला की सांगा."

"थट्टा नको गं. मोठी बघ ना एकदा."

"आणि त्या नऊ खुर्च्यांवर बसवू कोणाला? तुमच्या नापास झालेल्यांना?"

नऊ खुर्च्यांवर मास्तरांच्या मनात माणसं बसलेली होती. इथे भिंगरी, तिच्या शेजारी अजून कुठेच नसलेला जावई, मागच्या गादीवर दोन नातवंडं, त्यांना धरायला आजी. खुर्च्या भरल्या असत्या तर मुलगी परत आली असती, असा काहीतरी उलटा हिशोब त्यांच्या डोक्यात बसला होता. मोठी बोट म्हणजे भरलेलं घर. लहान बोट म्हणजे मुलगी गेलीच, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. हे असलं बोलायचं कुणाशी?

भिंगरी खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालत होती. मध्येच थांबली. "बाबा, चालवणार कोण?"

"मी. दुसरं कोण?"

तिने मैदानाच्या कडेच्या गॅरेजच्या शटरकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. मास्तर मात्र खडू शोधू लागले, जो त्यांच्या हातातच होता.

त्या शटरची गोष्ट अशी. भिंगरी पहिल्यांदा गाडी शिकली तेव्हा रिव्हर्स घेताना मागे मांजर आडवं आलं. पोरगी घाबरली आणि रेस सोडायच्या ऐवजी तिने रेस दिली. मांजर वाचलं, शटर आत गेलं. मास्तरांनी त्या दिवसापासून तिच्या हातात गाडी दिली नाही. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण शटरचा पोचा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आणि प्रत्येक नव्या बॅचला तिथे उभं करून सांगायला लागले, "हे बघा. घाबरून रेस दिली की काय होतं ते. घरचंच उदाहरण आहे." पोरं हसायची. गॅरेजच्या वरच घर, आणि तिथल्या खिडकीत भिंगरीची अभ्यासाची जागा होती. पहिल्या काही बॅचना ती खिडकी आपटायची. मग आपटणंही बंद झालं.

"तुम्हीच चालवा," ती आता म्हणाली आणि खडूची रेघ सोडून आत निघून गेली.

तलावावर गेले ते मास्तर जीव मुठीत धरूनच. विक्रेता तोंडाचा भारी गोड. मास्तरांना 'साहेब', बायकोला 'ताई', भिंगरीला 'मॅडम' म्हणत त्याने तिघांना लाइफ जॅकेटं चढवली आणि पट्टे आवळता आवळता समजावलं. "साहेब, या बोटीला खाली पंखा नाही. इंजिन पाणी ओढून घेतं आणि मागून जोरात फेकतं. तो फवारा डावीउजवीकडे वळवला की बोट वळते. म्हणजे पोहणाऱ्या माणसाला पंखा लागायची भीती नाही. घरच्यांसाठी एकदम सेफ."

"आणि ब्रेक?" मास्तरांनी विचारलं.

"ब्रेक कसला साहेब, पाण्यात? एकच लक्षात ठेवा. फवारा आहे तोवर स्टिअरिंग आहे. समोर काही आलं तर हा रेसचा दांडा मागे ओढून पूर्ण सोडायचा नाही. थोडी रेस द्यायची आणि वळायचं. रेस सोडलीत की स्टिअरिंग नुसतं खेळण्यातलं."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. विक्रेत्याने पुन्हा म्हटलं. घाबरलात की रेस द्या! अख्ख्या आयुष्याच्या शिकवणीवर हा माणूस हसत हसत बोळा फिरवत होता. त्यांनी चोरून भिंगरीकडे बघितलं. ती पट्ट्याचं बक्कल लावण्यात गुंतली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

आधी मोठी बोट घेतली. विक्रेत्याने एक चक्कर मारली, मग मास्तर बसले. बोट भारदस्त, पाण्याला धरून चालणारी. दांडा सोडला तरी थोडीफार वळत होती. "हिच्या पोटाखाली सुकाणूसारखी उभी पाती आहेत साहेब," विक्रेता म्हणाला, "सांभाळून घेते." मास्तरांच्या जिवात जीव आला. धक्क्याला परत लावताना त्यांनी तीन वेळा दांडा सोडला आणि तीनही वेळा बोटीने त्यांची लाज राखली. झालं, मोठीच! मनातल्या मनात जावई, नातवंडं, सगळी आपापल्या जागी बसली.

"लहान पण बघून घ्या," बायको म्हणाली. "नाहीतर पुढे जन्मभर ऐकवाल, तू बघू दिली नाहीस म्हणून."

लहान बोटीत मास्तर स्टिअरिंगला बसले, शेजारच्या सीटवर भिंगरी. मागे विक्रेता ताईंना शिडी कशी उघडते ते दाखवत होता. बोट हलकी, चुणचुणीत. जरा दांडा पुढे केला की पळायची. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकत होती, पण मघाची चक्कर नीट झाली होती ना, त्या बळावर रेटलं. परतताना धक्का जवळ आला. सिमेंटचा उंच कोपरा, त्याच्या टोकाशी पाय सोडून बसलेलं एक म्हातारं जोडपं. वेग जरा जास्तच होता. मास्तर घाबरले आणि त्यांनी तेच केलं जे ते जन्मभर करत आले होते. दांडा पूर्ण मागे ओढला आणि स्टिअरिंग फिरवलं.

बोट वळली नाही.

त्यांनी आणखी फिरवलं. बोट आपली सरळ, थेट कोपऱ्याकडे. उजवा पाय फरशीवर दणादण आपटत होता, आणि खाली काही नव्हतं. मागून बायको किंचाळली, "अहो ब्रेक! ब्रेक!" विक्रेता ओरडला, "रेस द्या साहेब, रेस!" मास्तरांना ऐकू येत होतं, समजतही होतं. हात मात्र ऐकेना. दांड्यावर बोटं गोठली होती. धक्क्यावरची म्हातारी पाय वर घेत होती, ते त्यांना अगदी स्पष्ट दिसलं.

भिंगरीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दांडा खाडकन पुढे ढकलला. दुसऱ्या हाताने स्टिअरिंग ओढलं. बोट गुरगुरली, शेपूट फेकून गर्रकन वळली आणि कोपऱ्याला चाटून मोकळ्या पाण्यात गेली. धक्क्यावरचं जोडपं नखशिखान्त भिजलं आणि म्हातारबुवांनी जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

"अस्सं!" विक्रेता मागे कसाबसा उठून बसत म्हणाला. "बरोब्बर असंच करायचं असतं मॅडम! शिकलात कुठे?"

"गॅरेजमध्ये," भिंगरी म्हणाली.

बोट तिनेच धक्क्याला लावली. मास्तर उतरले आणि तिथल्या बाकावर बसले ते बसलेच. आपण आत्ता दोन म्हाताऱ्या जिवांना आणि पोटच्या पोरीला सिमेंटवर नेऊन आपटलं असतं, हे त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं. बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. टोमणा मारायची एवढी नामी संधी, पण तिने मारला नाही. त्यामुळे तर मास्तर जास्तच घाबरले.

विक्रेत्याचं गोड बोलणं सुरूच. "होतं साहेब, मोठमोठ्या ड्रायव्हर लोकांचं होतं. सवय असते ना पायाची. तुमच्यासाठी मी मोठीच सांगेन. ती तुमची चूक पोटात घालते. लहान बोट हवी मॅडमसारख्या हाताला."

म्हणजे प्रश्न आता सीटचा राहिला नव्हता. मोठी घेतली तर मास्तर स्वतः चालवणार, मुलगी आली तर पाहुणी, नाही आली तरी बोट फिरेल. नऊ सीट घेऊन दोघं तलावभर गोल गोल. लहान घेतली तर स्टिअरिंग भिंगरीचं. ती नसेल तेव्हा बोट जागची हलणार नाही. मास्तरांनी दोन्ही बोटींकडे आळीपाळीने बघितलं.

"लहान," ते म्हणाले.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "आणि चालवणार कोण?"

"ही."

"ही चालली!"

"येईल तेव्हा चालवेल."

"आणि नाही आली तर?"

हाच तो प्रश्न. एवढे दिवस याच प्रश्नाला टाळायला मास्तर खडूने बोटी काढत बसले होते. आता विक्रेत्यासमोर, परक्या माणसासमोर, त्यांचे डोळे भरून यायला लागले. "नाही आली तर राहील उभी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी. मला तर नाहीच." मग खाली बघतच घाईघाईने म्हणाले, "तू जाऊ नयेस असं वाटतं गं मला. पण जा. मी अडवत नाही."

भिंगरी पाण्याकडे तोंड करून उभी होती.

"त्या शटरचं काय?" तिने विचारलं.

"उद्या नवीन बसवतो."

"नको. राहू दे. फक्त माझं नाव घेऊ नका तिथे."

"नाही घेणार."

"शपथ?"

"तुझ्या आईची."

"मेलं माझीच का नेहमी?" बायको म्हणाली आणि नाक पुसलं.

भिंगरी बोटीत उतरली, स्टिअरिंगपाशी बसली आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. "चला. सही करण्याआधी एक चक्कर. सगळ्यांनी."

मास्तर उठले. आयुष्यभर ज्या सीटवर बसले तीच ही शेजारची सीट, फक्त इथे खाली ब्रेक नव्हता. बसताक्षणी उजवा पाय आपोआप पुढे सरकला आणि फरशी चाचपू लागला. इंजिन सुरू झालं. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. धक्क्यावर ओल्या कपड्यांतलं ते जोडपं लगबगीने मागे सरकलं.

"बाबा," भिंगरी समोर बघत म्हणाली, "पाय कुठाय तुमचा?"

हे त्यांचंच वाक्य. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दिवसातून शंभरदा विचारलेलं. मास्तरांनी खाली बघितलं. मग चपला काढून सीटखाली सारल्या, एकेक करून दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर घट्ट मांडी घातली.

"वर आहे," ते म्हणाले. "दे रेस."