काढून टाकलेली अकरा पानं

“‘मी जेवून राहिली’ म्हणतेस, तेव्हा तू कुठं राहतेस, शीतल?” पुष्पा सोमकुंवरनं विचारलं.

वर्गातल्या नऊही नर्स हसल्या. पांढुर्ण्यातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर जर्मन भाषेचा हा वर्ग भरायचा. जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी हवी, तर भाषेची परीक्षा पास व्हावीच लागे.

“कुठंच नाई राहत मॅडम,” तिगावची शीतल म्हणाली. “जेवण चालू हाय, एवढंच.”

“बरोबर! ‘राहणं’ म्हणजे मुक्काम करणं. पण तुझ्या वाक्यात कोणाचा मुक्काम नाही. काम चालू आहे, एवढं दाखवायची खूण झाली ती. जर्मनमधल्या ‘गे’चंही असंच झालं.”

तिनं फळ्यावर दोन शब्द लिहिले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या गॉथिक या जर्मनच्या बहीणभाषेत ‘सितान’ म्हणजे बसलेलं असणं आणि ‘गसितान’ म्हणजे खाली बसणं, बसायची क्रिया पुरी होणं. त्याही आधी त्या ‘ग’चा अर्थ ‘सोबत, एकत्र’ असा असावा. वापरता वापरता अर्थ झिजला. आजच्या जर्मनमध्ये ‘गे’ उरला तो बहुतेक क्रियापदांच्या भूतकाळी रूपाला लागणारी खूण म्हणून.

“पण ज्या क्रियापदाला आधीच ‘फेर’सारखा उपसर्ग घट्ट चिकटलाय, तिथं ‘गे’ लागत नाही. काम पुरं झाल्याचं ‘फेर’च सांगत होता, मग ‘गे’ला जागा कुठली? म्हणून समजलं म्हणजे ‘फेरश्टांडेन’. ‘गेफेरश्टांडेन’ नाही. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.”

वर्गाचे मालक श्रीधरजी दारातून ऐकत होते. “मॅडम, पोरींले पेपर पास करायचा हाय. हे पुराण कायले सांगून राहिल्या?” मग टेबलावरच्या तिच्या जाड वहीकडे पाहत मवाळ होऊन म्हणाले, “तुमची वही द्या. पुस्तिका छापू.”

पुष्पाचा क्षणभर विश्वासच बसला नाही. सव्वीस वर्षांपूर्वी नागपूरला तिनं याच विषयावर प्रबंध सुरू केला होता. मार्गदर्शक म्हणाले होते, “आधी स्वतःची मराठी सुधारा, मग गॉथिककडे वळा.” तिनं प्रबंध सोडला होता, अभ्यास मात्र नाही. सौसरच्या शाळेत मानधनावर हिंदी शिकवता शिकवता ती वही भरत गेली. ती वही तिनं दोन्ही हातांनी श्रीधरजींना दिली.

पुस्तिका आली, तेव्हा मुखपृष्ठावर नाव होतं अभिजीतचं. श्रीधरजींचा हा मुलगा नुकताच पुण्याहून परतला होता. उदाहरणं पुष्पाची, तक्ते पुष्पाचे. इतिहासाची अकरा पानं तेवढी गायब होती. चौतिसाव्या पानावर ठळक अक्षरात छापलं होतं: भूतकाळासाठी प्रत्येक क्रियापदाला ‘गे’ लावा.

“हे चूक आहे,” ती म्हणाली. “आणि हे माझं आहे.”

“सोपं केलंय, मॅडम,” अभिजीत हसला. “तुमचं ते ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ छापता येतं का?”

दुसऱ्याच दिवशी श्रीधरजींनी तिच्याकडचा व्याकरणाचा तास काढून अभिजीतला दिला आणि तिला नुसते उच्चार घ्यायला सांगितलं. तिथंही तिनं मुलींना चौतिसावं पान चुकीचं असल्याचं बजावलं. मुली माना डोलवायच्या आणि खाली मान घालून पुस्तिकाच घोकायच्या.

दोन महिन्यांनी निकाल लागला. नऊपैकी सहा जणी लेखनात नापास. शीतल तीन गुणांनी गेली होती.

श्रीधरजींनी पालकांना बोलावलं. शीतलचे वडील तुळशीराम संत्र्याच्या बागेतलं काम टाकून आले होते.

“पाया कच्चा राहिला,” श्रीधरजी सांगू लागले. “मॅडमनं सुरुवातीचे महिने नको त्या इतिहासात घालवले, त्याला आम्ही काय करणार?”

पुष्पा उठली. “शीतल, परीक्षेतल्या पत्रात ‘समजलं’साठी काय लिहिलं होतंस?”

शीतल रडवेली झाली. “गेफेरश्टांडेन.”

“मी काय शिकवलं होतं?”

“फेरश्टांडेन. पण पुस्तकात छापलेलं होतं, मॅडम. छापलेलं खरं वाटलं.”

हे शब्द पुष्पाला अभिजीतच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबले. तिला शीतलचाही राग आला, मार्गदर्शकाचाही, आणि दोन्ही हातांनी वही देणाऱ्या स्वतःचा तर सर्वांत जास्त.

“अभिजीत, नाव तुझं हाय ना पुस्तकावर?” तिचा आवाज चढला. शिकवताना जपलेली प्रमाण भाषा गळून पडली. “मंग चूकबी तुहीच! सांग या लोकांले! माह्या अकरा पानांत याचं कारण होतं. तुले थे वाचायचा कंटाळा आला, अन् या पोरींचं साल गेलं!”

अभिजीत मोबाइलकडे पाहत राहिला.

“मॅडम, आवाज खाली,” श्रीधरजी म्हणाले.

“सव्वीस वर्षं खालीच होता!”

तुळशीराम उभे राहिले. “मले भाषा नाई समजत, साहेब. पण बाई बोलून राहिल्या तं त्याहिले बोलू द्या. पोरगं कायले गप्प हाय?”

श्रीधरजींनी ‘पुढच्या बॅचला बघू’ म्हणून बैठक मोडली. माफी नाही, नावाचा तर विषयच नाही. पालक जिना उतरू लागले.

पुष्पा मात्र कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे गेली. पुढच्या बॅचसाठीच्या दोनशे पुस्तिका होत्या. तिनं दोरी सोडली, पर्समधून लाल पेन काढला, पहिल्या पुस्तिकेचं चौतिसावं पान उघडलं आणि तो नियम आडवा खोडला. समासात बारीक, स्वच्छ अक्षरात खरा नियम लिहिला. मग दुसरी घेतली.

“हे काय करून राहिल्या?” श्रीधरजी ओरडले.

तिनं वर पाहिलं नाही. शीतल जिन्यातून परत आली आणि पुढची पुस्तिका उघडून तिच्यासमोर धरत हळूच म्हणाली, “मॅडम, वर तुमचं नावबी लिहा ना.”

“आधी चूक,” पुष्पा म्हणाली.

बाहेर ऊन उतरलं. अभिजीत केव्हाच निघून गेला होता. श्रीधरजी कुलूप हातात घेऊन दाराशी उभे होते. एकदा खाकरले, एकदा घड्याळाकडे पाहिलं. पुष्पानं बोट ओलं केलं आणि पान उलटलं.