तेल मुरेपर्यंत वाचायचा लेख

सात वर्षांपूर्वी यंत्रताईचा प्रत्येक लेख सुमारे सहाशे शब्दांचा असे. गेल्या वर्षी तो साडेचारशे शब्दांवर आला. लिहिणारी तीच होती, तिचा वाचनाचा वेग तोच होता आणि लेखाची लांबी ठरवणारे मापही तेच होते.

ते माप म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. काचेचे दोन फुगे, त्यांच्यामध्ये बारीक छिद्राची मान, वर-खाली दोन लाकडी चकत्या आणि पोटात मूठभर वाळू, एवढाच माझा संसार. मला काटे नाहीत, मला किल्ली द्यावी लागत नाही. ज्या काचकाराने मला घडवले, त्याने माझी मान तीनदा तापवून हवी तेवढी अरुंद केली. मग वाळू चाळली, धुतली, वाळवली आणि चिमूटचिमूट भरत गेला. बरोबर पाच मिनिटे भरताच त्याने झाकण चिकटवले आणि "झालं" असे म्हणून तो हात धुवायला गेला. माझ्या जन्माचा सोहळा एवढ्यावरच आटोपला.

तेथून मी शिलाई यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानात आले. दुकान म्हणजे एक खोली, खिडकीखाली लांब टेबल आणि भिंतीला टेकून उभी असलेली, पायपट्टी हरवलेली, चाक अडलेली यंत्रे. अडलेल्या यंत्रात जुने तेल गोंदासारखे चिकटलेले असते. त्यावर नव्या तेलाचे थेंब सोडावे लागतात आणि मग थांबावे लागते. पाच मिनिटांत नवे तेल आत मुरते, जुने मऊ होते आणि चाक बोटाच्या धक्क्याने फिरते. त्याआधी जोर केला, तर सुईखालचे शटल खरवडले जाते आणि पुढे प्रत्येक टाक्याला दोरा तुटतो. मिस्त्री थेंब सोडत, मला उलटे करत आणि माझी वाळू संपेपर्यंत चाकाला हात लावत नसत. एकवीस वर्षे मी हे काम केले. मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या वाळूने माझ्या मानेला कधी इजा केली नाही.

मग मिस्त्रींची नजर अधू झाली. त्यांची लेक तोवर एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत होती. दुपारी ती दुकानात येऊ लागली, आणि बापाचे ज्ञान बापाबरोबर संपू नये म्हणून तिने ब्लॉग सुरू केला. मिस्त्री सांगत, ती लिहून घेई. वाचक तिला यंत्रताई म्हणू लागले. मीही तेच म्हणते.

लेख किती लांब असावा, यावर घरात पहिल्याच आठवड्यात जुंपली. ताईचा थोरला भाऊ कंपन्यांच्या जाहिराती लिहून देणाऱ्या कार्यालयात होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द अखेरचा, असे त्याचे स्वतःचे मत होते.

"तायडे, हजार शब्दांच्या खाली लेख असला, की कोणी ढुंकून बघत नाही," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. "तीनशेच्या वर जाऊ नकोस. लोकांना तेवढंही वाचवत नाही."

"दादा, मागच्या महिन्यात हजार होते."

"मागचा महिना वेगळा गं."

"मधल्या काळात माणसं बदलली का?"

मिस्त्री खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं सगळ्या जगाला विचारताय. जो यंत्रासमोर बसलाय, त्याला किती वेळ आहे ते बघा की!"

ताईने ते नेमके उचलले. तिने आधी दोन लेखांत "तेल सोडून पाच मिनिटे थांबा" असे लिहून पाहिले होते. कोणी थांबले नव्हते. समोर चाक असले, की माणसाच्या हाताला मिनिटभरात खाज सुटते. म्हणून तिने थांबण्याची वेळ लेखातच दडवली. प्रत्येक लेखाच्या आरंभी ती लिहू लागली: "आधी तेलाचे थेंब सोडा. मग घरातल्या कोणाकडून तरी हा लेख मोठ्याने वाचून घ्या. लेख संपला, की चाक फिरवा." हात तेलकट असल्यामुळे लोकांना ते सोयीचेही पडले. लेख वाचायला जितका वेळ, तितकाच तेल मुरायला. लांबीचे याहून चोख कारण मी तरी ऐकलेले नाही.

लेख तयार झाला, की ताई मला टेबलावर उलटे करी आणि तो सावकाश, मोठ्याने वाची. वाळू संपली, की वाचन थांबे. जे उरले, ते ती कापून एका वहीत चिकटवून ठेवी. पोस्टवाले शब्द घरपोच करतात. मी शब्दांना दाराबाहेर काढत असे. पण माझ्या या कामाचा मला अभिमान होता, हे कबूल करते.

वर्षे सरली. वाचक वाढले. कापलेला भागही वाढला, पण त्याची कोणाला काळजी वाटली नाही. उलट कौतुक झाले. "आता कुठे तुला नेमकेपणा साधला," दादा म्हणाला. वाचक लिहीत, "ताई, लेख किती आटोपशीर!" ताईला मात्र वाटे, की आपले वाचन मंदावले असावे. ती जरा कापून घेई आणि गप्प बसे. दोष अंगावर येण्याऐवजी शाबासकी बनून आला, तर त्याला कोण हुडकणार?

मिस्त्रींनाही काही उमगले नाही. ते मला सवयीने उलटे करत खरे, पण चाक हलले की नाही, हे त्यांचे बोटच त्यांना सांगत असे. ब्लॉगच्या वाचकांना तसे बोट नव्हते. त्यांना फक्त लेख होता.

गेल्या वर्षी एकाच महिन्यात तीन वाचकांनी शटल खरवडल्याची तक्रार लिहिली. चौथी तक्रार चालत आली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकू रिक्षातून यंत्र घेऊन दुकानाच्या दारात उतरल्या.

"मिस्त्री, तुमच्या लेकीचं ऐकून माझं यंत्र आडवं झालं! चाळीस गणवेश कापून पडलेत. सोमवारी शाळा उघडणार. पोरांना काय नुसती कॉलर घालून पाठवू?"

मिस्त्रींनी शटल बाहेर काढून अंगठ्याने चाचपले. त्यांचा चेहरा उतरला. "लेख बंद कर," ते लेकीला म्हणाले. "आपल्या शब्दावर लोकांची यंत्रं मोडणार असतील, तर न लिहिलेलं बरं."

ताईला सहा वर्षांचे काम पाण्यात जाताना दिसत होते, आणि बापाच्या नावालाही बट्टा लागत होता. तिने एवढेच विचारले, "काकू, तुम्ही लेख संपल्यावरच चाक फिरवलंत ना?"

"म्हणजे? चार वर्षं तसंच करतेय! तेल सोडते, हात धुते, चहा टाकते, आणि सून वाचत बसते. पूर्वी तिचं वाचून होईतो माझा चहा उकळून, गाळून कपात यायचा. परवाचा लेख संपला, तेव्हा पाण्याला आधणसुद्धा आलं नव्हतं."

ताईची मान झटकन वर झाली. "भांडं तेच?"

"भांडं तेच, शेगडी तीच, कप दोनच. आणि सूनही तीच हो, बदलून नाही आणली!"

मिस्त्री त्या दिवसात प्रथमच हसले. ताई हसली नाही. तिने मला उचलून टेबलाच्या मधोमध ठेवले, फोनमधले सेकंद मोजणारे घड्याळ चालू केले आणि मला उलटे केले. तीन मिनिटे चव्वेचाळीस सेकंद. पुन्हा उलटे केले. तीन मिनिटे शेहेचाळीस. तिसऱ्यांदा, पंचेचाळीस.

त्या सव्वाअकरा मिनिटांत मला जे वाटले, ते सांगवत नाही. वाळू कशी थांबवायची, हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

"म्हातारं झालंय ते," मिस्त्री म्हणाले. "माझ्यासारखंच."

"म्हातारपण हे कारण नाही, बाबा. आधीची एकवीस वर्षं ते चुकलं नव्हतं." असे म्हणून ताईने शटलवरचे ओरखडे पाहायचे भिंग माझ्या मानेला लावले. आतली काच दुधाळ झाली होती. तिने झाकण सैल करून दोन कण तळहातावर घेतले. भिंगाखाली ते वाळूसारखे गोल नव्हते, धारदार टोकांचे होते. "ही वाळू कुठली?"

मिस्त्रींनी ते कण चिमटीत चोळून पाहिले. मग सावकाश म्हणाले, "घड्याळ लावून तू पहिला लेख वाचलास ना, त्याच दिवशी माझ्या हातून ते पडलं. काच वाचली, झाकण उडालं, वाळू फटीत गेली. तू दुपारी येणार, वाचणार. तुझा हिरमोड नको म्हणून मी पात्यांना धार लावायची भुकटी भरली. भिंतीवरच्या घड्याळाशी पाचदा ताडून पाहिलं. बरोबर पाच मिनिटं होती गं!"

"होती, बाबा. त्या दिवशी होती," ताई म्हणाली आणि तिने त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

काकूंचे शटल मिस्त्रींनी त्याच दुपारी घासून दिले. चाळीस गणवेश सोमवारी शाळेत पोहोचले. ब्लॉग बंद झाला नाही. ताईने वही काढली आणि आखूड पडलेल्या प्रत्येक लेखाला त्याचे कापलेले शेपूट परत जोडले. त्यात बहुतेक मिस्त्रींच्या आठवणी होत्या: कोणत्या यंत्रावर कोणाच्या लग्नाचे कपडे शिवले गेले, कोणत्या यंत्रात उंदराने घर केले. काकूंनी कळवले, की सून आता वाचता वाचता हसते आणि चहा उतू जातो.

मी आता खिडकीत असते. माझ्या तळाला "पावणेचार मिनिटे" अशी चिठ्ठी लावली आहे. ती खरी आहे, म्हणून मला तिची लाज वाटत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या मापांवर जरूर विसंबा, पण वर्षातून एकदा आम्हाला दुसऱ्या मापाशी ताडून पाहा. आम्ही चुकतो, तेव्हा आम्हाला ते कळत नाही. आणि काही लिहाल, तेव्हा ते कोण, कशासमोर बसून, किती वेळ वाचणार आहे, हे आधी विचारा.

ब्लॉगच्या माथ्यावर एक खुलासा आहे. ताईने तो "आमच्या हातून" असा लिहिला होता. मिस्त्रींनी ते खोडायला लावले आणि स्वतः सांगितला:

"वाळूच्या घड्याळात धार लावायची भुकटी मी भरली. ती भुकटी काचेपेक्षा कठीण असते. सहा वर्षांत तिने काचेची मान आतून घासली, छिद्र मोठे झाले आणि पाच मिनिटांची वाळू पावणेचार मिनिटांत संपू लागली. लेख त्यामुळे आखूड झाले."