मांडीवरचं गाणं

काष्टीच्या कांदा शेडमध्ये बायांचे मोबाईल सकाळीच पिशवीत जमा व्हायचे. गोरख मुकादमाचा कायदा! कांदा निवडायचा हातानं, पण बायांच्या कानावर गाणं पडलं की याच्या पोटात दुखायचं.

त्या दिवशी मोनिकानं भंगारातनं उचललेला सीडीचा वॉकमन आणला. दोन पेन्सिल सेल घातले, बारका स्पीकर जोडला आणि गोणीवर ठेवला. लावणी वाजली तशा बाया फिसकन हसल्या.

"ए, मोबाईल बंद कर!" मुकादम ओरडला.

"मोबाईल कुठाय, दादा? यात सीम दाखवा, आत्ता बंद करते."

चारचौघींत नाक कापलं गेल्यावर माणूस पैजेवर येतो. मुकादम म्हणाला, "सुट्टीपत्तर हे वाजलं तर रोज वाजीव. मधीच बंद पडलं तर या शेडात कुनी गुनगुनायचं बी न्हाई."

"लागली पैज," मोनिका म्हणाली. माघार तिला माहेरात कुणी शिकवली नव्हती.

थोड्या वेळानं मुकादमानं जाता जाता गोणीला लाथ घातली. सीडी अडखळली, गाणं तुटलं. मोनिकानं धक्का सोसायचं बटण दाबलं. आता मशीन गाणं पुढचं पुढचं वाचून पोटात साठवणार. हादरा बसला तरी तुटणार नाही. पण त्यापायी मोटर भरारा पळणार आणि सेल लवकर खाणार.

"सेल पुरतील का गं?" शेजारच्या म्हाताऱ्या लंकाबाईनं विचारलं.

"याच्या लाथा थांबल्या तर पुरतील, आत्या."

म्हातारीनं वॉकमन उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. "घाल रं गोरख्या आता लाथ. घाल की!"

मुकादम पाय आवरून पुढं गेला. पण दुपारी पुन्हा आला, वाकून झाकणाच्या काचेतनं बघितलं आणि टाळी पिटली. "थांबली! सीडी थांबली! हरलीस!"

"मग गातंय कोन?" मोनिकानं विचारलं.

गाणं खणखणीत चालू होतं. मुकादमानं पुन्हा वाकून काचेतनं बघितलं.

"पोट भरलंय तिचं. साठवलेलं गातीय अन् घडीभर बसलीय. बसली म्हंजी मेली न्हाई, दादा. आमी पाठ टेकली की तुमाला असंच वाटतं."

तेवढ्यात मोटर घुर्र करून पुन्हा पळाली. बायांना हसू आवरेना.

पण सेल ते सेलच. उन्हं कलली तशी सीडी नुसतीच झटका द्यायची, फिरायची नाही. मोनिकानं सेल काढून पदराला चोळले, अदलाबदल करून घातले. मोटरनं एक उसासा टाकला आणि संपलं. सुट्टी अजून व्हायची होती.

"आता तोंडं बंद," मुकादम म्हणाला. "पैज म्हंजी पैज."

मोनिकानं बायांकडं बघितलं. पैज आपण लावली आणि गळे सगळ्यांचे गेले. मग तिचं डोकंच फिरलं.

"हरले मी. उद्यापासनं वॉकमन आनायची न्हाई. पन यांचे गळे माझ्या मालकीचे न्हाईत, मी ते पैजेला लावूच शकत न्हाई. अन् तुमी बी जिंकू शकत न्हाई!"

मग लंकाबाईनं तीच लावणी उचलली, बेसूर आणि मोठ्यांदा.

"म्हातारे, बंद कर!"

"ये की, काढ माझे सेल!"

शेड फुटल्यासारखी हसली आणि एकेक गळा त्यात मिसळत गेला. हात कांद्यावर चालूच होते, नेहमीपेक्षा जोरात. बाहेर कांदा भरायला लावलेला ट्रक घाईनं हॉर्न देत होता, माल आजच जायचा होता. आज एकीलाही हाकलायची मुकादमाची सोय नव्हती. तो मोबाईलची पिशवी काखेत मारून दाराबाहेर गेला. तिथंही गाणं ऐकू येतच होतं.