रंगाचा दुसरा हात

दुपारी जेवून आमचे हे जरा टेकले, आणि रंगाऱ्यांनी त्यांना रंगवून टाकलं. चहा होईपर्यंत हे दोन मजली उंच, गोल आणि करडे झाले होते. मग क्रेननं उचलून त्यांना रांगेच्या शेवटी ठेवलं.

रांग अणुभट्ट्यांची. मोडीत काढलेल्या पाणबुड्यांच्या पोटातून कापलेल्या भट्ट्या उत्तर टोकाच्या या बर्फाळ खाडीत आणून ठेवतात. सत्तर वर्षं त्यांनी नुसतं उभं राहायचं आणि निवायचं. इथली रीत अशी, की जे हलत नाही त्याला रंग द्यायचा, आणि सुरुवात पायथ्यापासून, कारण खारं वारं आधी खालून खातं. हे इथं वेल्डर, मी स्वयंपाकाला. रीत आम्हाला ठाऊक होती. पण जेवल्यावर टेकायची यांची सवय दापोलीपासूनची, ती कुठली सुटतेय!

मी मुकादमाकडे गेले. आर्काडी त्याचं नाव.

"माझा नवरा परत द्या."

"हलत नव्हता," तो म्हणाला.

"अहो, माणूस जेवून बसला होता!"

"उद्या दुसरा हात देऊ. मग तो रांगेचा."

रांगेचा म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्वयंपाकघरातलं उलथनं उचललं आणि गेले खरवडायला. रंगाचे पापुद्रे निघाले, खाली यांच्या सदऱ्याची चौकडी दिसली. कान लावला तर आत घोरणं, अगदी यांचंच. मला रडू आलं. रडले, पण हात थांबवला नाही.

रंगारी बादल्या घेऊन माझ्याभोवती जमले.

"दमाल, बाई. टेका जरा," एकजण म्हणाला.

"तूच टेक, मेल्या!"

मान वर करून बघावं, तर दर वेळी शेजारची भट्टी थोडी जवळ आलेली असायची. आधी मला वाकता येईना, मग वळता येईना. शेवटी फक्त मनगट हलत होतं. मी तेवढं हलवत राहिले. इथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे उद्या कधी लागला ते कळलं नाही. आर्काडी दुसऱ्या हाताची बादली घेऊन आला.

तेवढ्यात उलथन्याखाली यांचा डोळा सापडला. तो उघडला.

"कुंदा," आतून आवाज आला, "किती दमलीस गं. बस जरा."

"बसते कसली! तुम्ही उठा आधी!" मी ओरडले आणि उलथनं दाणकन हाणलं.

हे कुशीवर वळले. दोन मजली लोखंड, पण वळले. त्यांच्या पलीकडची भट्टी वळली, तिच्या पलीकडचीही, आणि पार पाण्यापर्यंत सगळी रांग कुशीवर झाली. मला बाहेर पडण्यापुरती वाट मोकळी झाली.

आर्काडी आणि रंगारी आ वासून बघत होते. पापणी लवेना, हात खाली येईना. उभे ते उभेच.

मी आर्काडीच्या हातातली बादली काढून घेतली, खाली वाकले आणि त्याच्या बुटांपासून सुरुवात केली.